व्हीगन मुलं आणि सत्तर मिलिग्रॅमचा हिशेब

आई-वडील व्हीगन असतील तर त्यांनी मुलांनाही तसंच वाढवावं का? हा प्रश्न कुठल्याही जेवणाच्या टेबलावर टाकून बघा. दोन मिनिटांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "अहो, दूध नाही तर पोराची हाडं धरणार कशी? हा चक्क मुलांवर अन्याय आहे." दुसरा म्हणतो, "कुठला प्राणी दूध पिऊन मोठा होतो?" (हे ऐकून गोठ्यातलं वासरू नक्कीच गालातल्या गालात हसत असेल :) )

एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे 'शुद्ध शाकाहारी' म्हटलं की ताटात दही, ताक, तूप, श्रीखंड सगळं येतं. व्हीगन ताटात यातलं काहीच नाही. दूध नाही, अंडं नाही, मध सुद्धा नाही. म्हणजे आपल्या शाकाहारी माणसाचा मुख्य आधारच काढून घेतला म्हणा ना.

या वादात तत्त्वाच्या बाजूने आणि विरुद्ध बरंच बोललं जातं. पण मला त्यातली एक वेगळीच गोष्ट रोचक वाटते. ती म्हणजे, हा प्रयोग आता नवीन राहिलेला नाही. गेली ऐंशी वर्षं जगात कुठे ना कुठे लोक आपली मुलं दुधाशिवाय वाढवतायत. काही ठिकाणी ती उत्तम वाढली. काही ठिकाणी हाल झाले. काही बाळं दगावली सुद्धा. मग फरक कशाने पडला? या विकांताला त्याचाच थोडा शोध.

१९४४: नाव मिळालं, यादी नाही मिळाली

नोव्हेंबर १९४४. दुसरं महायुद्ध अजून चालू होतं. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन नावाच्या सुतारकाम शिकवणाऱ्या शिक्षकाने मोजक्या मित्रांना घेऊन व्हीगन सोसायटी काढली. 'व्हेजिटेरियन' या शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन इंग्रजी अक्षरं घेऊन 'व्हीगन' हा शब्द तयार झाला. त्यांचा मुद्दा सरळ होता. दुधासाठी गाय पाळायची तर वासराला तिच्यापासून तोडावं लागतं आणि भाकड गाय शेवटी खाटकाकडेच जाते. मग मांस सोडून दूध प्यायचं, यात काय अर्थ?

मुद्दा पटो न पटो, त्यात तर्कदुष्टता नाही. पण वॉटसन आणि मंडळींना एक गोष्ट माहीत नव्हती. आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण तेव्हा ती जगात कुणालाच माहीत नव्हती. जीवनसत्त्व बी-१२ हे नावच अस्तित्वात नव्हतं!

इतकं माहीत होतं की एका प्रकारच्या जीवघेण्या पंडुरोगात रोग्याला रोज भरपूर लिव्हर खायला घातलं तर तो वाचतो. मायनॉट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी १९२६ मध्ये ते दाखवून दिलं आणि व्हिपलबरोबर १९३४चं नोबेल मिळवलं. पण लिव्हरमधलं नेमकं काय काम करतं ते कळायला १९४८ उजाडावं लागलं. त्या वर्षी अमेरिकेत मर्क कंपनीत कार्ल फोकर्सच्या गटाने आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोत लेस्टर स्मिथने जवळपास एकाच वेळी ते लाल स्फटिक वेगळे केले. डोरोथी हॉजकिनने पुढे त्याची रचना शोधली आणि १९६४चं नोबेल घेतलं. म्हणजे व्हीगन चळवळ बी-१२ पेक्षा चार वर्षांनी मोठी आहे.

या बी-१२ ची गंमत अशी, की ते ना प्राणी बनवतात, ना वनस्पती. ते फक्त जीवाणू बनवतात. गायीच्या पोटात जीवाणू असतात, ते बनवतात, तिथून ते दुधात आणि मांसात येतं. आपण ते आयतं घेतो. आता गंमत नंबर दोन. मोठ्या माणसाला दिवसाला लागतात साधारण २.४ मायक्रोग्रॅम. गणित करून बघा. ऐंशी वर्षांचं आयुष्य धरलं तर सगळे मिळून सत्तर मिलिग्रॅम. चिमूटभर मीठ याहून जास्त भरेल. पण हे सत्तर मिलिग्रॅम नसतील तर रक्त बिघडतं आणि त्याहून वाईट म्हणजे मज्जातंतू बिघडतात.

आमच्या धंद्यात याला लपलेली डिपेंडन्सी म्हणतात. जुन्या सिस्टीममधलं एखादं मॉड्यूल तुम्ही चांगल्या कारणासाठी काढून टाकता. सगळं व्यवस्थित चालतं. काही वर्षांनी भलतीकडेच काहीतरी कोसळतं. मग कळतं की ते मॉड्यूल गुपचूप एक काम करत होतं, आणि ते कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं नव्हतं. मोठ्या माणसाच्या यकृतात बी-१२ चा काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो. त्यामुळे सुरुवातीच्या व्हीगन मंडळींना पहिली काही वर्षं काहीच झालं नाही. १९५५ च्या सुमारास फ्रँक वोक्स आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश आणि डच व्हीगन तपासले, तेव्हा जीभ सोलवटणं, हातापायाला मुंग्या येणं अशी लक्षणं पुढे आली.

मोठ्यांचं हे झालं. पण बाळाकडे साठा किती असणार? आईकडून पोटात असताना मिळाला तेवढाच. आईचाच साठा संपत आलेला असेल तर बाळ जवळपास शून्यावर सुरुवात करतं. आणि मेंदू सगळ्यात जास्त वाढतो तो याच काळात. म्हणून हा विषय मोठ्यांच्या आहारापेक्षा मुलांच्या बाबतीत फार वेगळा आहे.

मुंबईत सापडलेला धागा

इथे थोडं मुंबईत यावं लागेल, कारण या गोष्टीचा एक महत्त्वाचा धागा आपल्या गिरणगावातून जातो.

१९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत होता. हाफकिन इन्स्टिट्यूटमधून तिने काम केलं, बायकांचा आहार तपासला, माकडांवर प्रयोग केले. शेवटी उपाय सापडला तो अगदी स्वस्तातला: मार्माइट. यीस्टपासून बनवलेला, पावाला लावायचा तो काळा चिकट पदार्थ! १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. मार्माइटमधला तो गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे नंतर कळलं. तेच आज गरोदरपणात गोळ्यांमधून देतात, ते फॉलिक ॲसिड.

आता याचा व्हीगन बाळांशी काय संबंध? संबंध असा, की फोलेट आणि बी-१२ रक्त बनवण्याच्या कामात जोडीने राबतात. पालेभाज्या, डाळी यांत फोलेट भरपूर. फोलेट भरपूर असेल तर बी-१२ नसूनही रक्त बऱ्यापैकी ठीक दिसू शकतं. पंडुरोग दिसत नाही, डॉक्टरला शंका येत नाही, आणि आत मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. म्हणजे एरर गेली नाही, फक्त लॉगमध्ये येणं बंद झालं. भाजीपाल्यावर राहणाऱ्या माणसात नेमकं हेच होतं. 'मी किती ठणठणीत आहे बघा' हा पुरावा इथे फसवा आहे, तो यामुळे.

दुधाची नक्कल करताना

बाळाला पहिलं वर्ष लागतं ते दूध. आईचं असेल तर प्रश्नच नाही. व्हीगन मंडळींचा त्याला कधीच विरोध नव्हता, आई स्वतःच्या मर्जीने देते. पण ते नसेल किंवा पुरत नसेल तर? मग सोयाबीन.

हा प्रयोग व्हीगन चळवळीच्याही आधीचा. १९०९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन रुऱ्हा या बालरोगतज्ज्ञाने बाळांच्या आहारात सोयाबीन वापरण्याबद्दल लिहिलं. इंग्लंडमध्ये लेस्ली क्रॉस या व्हीगन कार्यकर्त्याने १९५६ मध्ये प्लांटमिल्क सोसायटी काढली आणि १९६५ मध्ये त्यांचं सोयादूध बाजारात आलं. पुढे त्याचं नाव झालं प्लामिल. एक दूध बनवायला नऊ वर्षं! आज सुपरमार्केटच्या फडताळावर सोया, बदाम, ओट अशी पाच-सहा दुधं ओळीने उभी असतात, त्यामुळे त्या नऊ वर्षांची किंमत कळत नाही.

पण बाळाचं दूध आणि चहाचं दूध यात फार फरक आहे. बाळाचं सगळं जेवण म्हणजे तेच दूध. त्यात एक गोष्ट राहिली की ती राहिलीच, दुसरीकडून भरून येत नाही. सोयाच्या बाळदुधाचा इतिहास हा या राहून गेलेल्या गोष्टींचाच इतिहास आहे. (ही दुधं बहुतेक गायीचं दूध न पचणाऱ्या बाळांसाठी घेतली जायची, व्हीगन घरं त्यात थोडीच. पण धडा सगळ्यांनाच लागू.)

१९५० च्या दशकाच्या शेवटी सोयापिठाच्या दुधावर वाढणाऱ्या काही बाळांना गलगंड झाला. कारण आयोडीन. ते दुधात घालायला लागल्यावर गलगंड थांबला.

१९७८ मध्ये अमेरिकेत सिंटेक्स कंपनीने आपल्या निओ-मल-सॉय या दुधातलं वरून घालायचं मीठ बंद केलं. बाळांना मीठ कमी द्यावं, हेतू चांगलाच. पण मिठात सोडियमबरोबर क्लोराइडही असतं, आणि त्या दुधात क्लोराइडचा दुसरा मोठा स्रोतच नव्हता. बाळं दूध पिईनात, वजन वाढेना. शंभराहून जास्त बाळांना त्रास झाला. १९७९ मध्ये माल परत मागवला. त्यातल्या काही मुलांच्या आयांनी पार संसदेपर्यंत पाठपुरावा केला आणि १९८० मध्ये अमेरिकेत बाळदुधाचा कायदा झाला. कुठला घटक किमान किती हवा, प्रत्येक खेपेची तपासणी कशी करायची, हे तिथे कायद्याने बांधलं गेलं. एक ओळ कमी केली आणि कायदा करावा लागला!

एवढं होऊनही २००३ मध्ये इस्राएलमध्ये रेमेडिया नावाच्या सोयादुधात जीवनसत्त्व बी-१ लेबलवर होतं आणि डब्यात जवळपास नव्हतं. काही बाळं दगावली, काहींना कायमचं अपंगत्व आलं.

यावरून सोया वाईट असं म्हणायचं कारण नाही. आजचं नियमानुसार बनवलेलं सोयाचं बाळदूध लाखो मुलांनी प्यायलेलं आहे. मुद्दा एवढाच, की दूध ही एक वस्तू नाही, ती एक लांबलचक यादी आहे. नक्कल करायची तर यादी पूर्ण हवी.

एक शेतवस्ती, एक चळवळ

आता या लेखाचा मुख्य भाग. एकाच काळातले दोन समूह. दोघांचीही आपल्या आहारावर श्रद्धा. दोघेही सुशिक्षित, प्रेमळ, मुलांची काळजी घेणारे. आणि निकाल मात्र अगदी उलटे.

पहिला समूह अमेरिकेतला. स्टीफन गॅस्किन नावाचा माणूस सॅन फ्रान्सिस्कोत दर सोमवारी रात्री हिप्पी तरुणांना प्रवचनं द्यायचा. १९७१ मध्ये त्याचे काही शे अनुयायी जुन्या स्कूलबसांचा तांडा घेऊन निघाले आणि टेनेसी राज्यात समरटाऊनजवळ जमीन घेऊन राहिले. नाव ठेवलं 'द फार्म'. एका हिवाळ्यात तर उकडलेल्या गव्हावर दिवस काढले म्हणतात. आहार पूर्ण व्हीगन. मुख्य पीक सोयाबीन. स्टीफनची बायको आयना मे गॅस्किन पुढे सुईणींच्या चळवळीतली जगप्रसिद्ध बाई झाली. त्यामुळे फार्मवर बाळंतपणं भरपूर, मुलं भरपूर.

हे लोक वेशाने हिप्पी होते, पण स्वयंपाकघरात हिशेबी होते. त्यांनी स्वतःची सोया डेअरी काढली आणि तिथल्या दुधात ए, डी आणि बी-१२ ही जीवनसत्त्वं मोजून घातली. जेवणात बी-१२ असलेलं यीस्ट वापरलं. आहारातलं कळणारी माणसं त्यांच्यातच होती आणि त्यांचं ऐकलं जात होतं. 'आपण निसर्गाच्या जवळ आहोत, मग कारखान्यातलं जीवनसत्त्व कशाला?' असला प्रश्न त्यांनी मध्ये येऊ दिला नाही.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या ४०४ मुलांची उंची आणि वजनं मोजली गेली. वयं चार महिने ते दहा वर्षं. अभ्यास १९८९ मध्ये 'पेडिअॅट्रिक्स' या मासिकात आला. एक ते तीन या वयात ही मुलं सरासरी अमेरिकन मुलांपेक्षा थोडी मागे दिसली. पण दहा वर्षांपर्यंत फरक राहिला उंचीत ०.७ सेंटिमीटर आणि वजनात १.१ किलो. सात मिलिमीटर! पायमोजे काढले नसतील तर निम्मा फरक तिथेच :)

दुसरा समूह नेदरलँड्समधला. ही मंडळी मॅक्रोबायोटिक आहार घेणारी. मूळ जपानी विचार, जॉर्ज ओहसावा आणि मिचिओ कुशी यांनी पश्चिमेत नेलेला. ब्राऊन राईस, भाज्या, डाळी, समुद्रशेवाळ. दूध जवळपास नाही, मांस नाही, मासे अगदी क्वचित. म्हणजे काटेकोर व्हीगन नव्हे, पण मुलांच्या ताटात व्यवहारात तेच. एक मोठा फरक मात्र होता. गोळ्या, थेंब, वरून घातलेली जीवनसत्त्वं यांना तत्त्वतः नकार. सगळं अन्नातूनच मिळायला हवं.

१९८० च्या दशकात वाखेनिंगेन विद्यापीठाच्या पीटर डाखनेली आणि विया व्हान स्टाव्हेरन यांनी ही बाळं तपासली. चार महिन्यांपर्यंत सगळं ठीक. मग वरचं खाणं सुरू झालं आणि आलेख खाली वळला. बाळांना मिळत होती पातळ, गाळलेल्या तांदळाची पेज. तेल नाही, तूप नाही. बाळाचं पोट मुठीएवढं. ते पाण्याने आणि चोथ्याने भरून जायचं आणि ताकद मिळायचीच नाही. वाढ खुंटली. उन्हाळ्याच्या शेवटी तपासलं तर २८ टक्के बाळांत मुडदुसाची लक्षणं. हिवाळ्याच्या शेवटी तपासलं तर ५५ टक्के! बी-१२ कमी, लोह कमी.

इथे आपल्या आज्यांना एक सलाम ठोकायला हवा. उष्टावणानंतर बाळाच्या मऊ भातावर चमचाभर तूप ओतायचं, हे त्यांना कुठल्या विद्यापीठाने शिकवलं नव्हतं. पण त्या एका चमच्याने घासाची ताकद वाढते. तूप नको असेल तर तेल चालेल, शेंगदाण्याचं बारीक कूट चालेल, तिळाचं चालेल. पण *काहीतरी* हवं. नुसती पेज नाही चालत.

डच संशोधकांची एक गोष्ट मला फार आवडली. त्यांनी निष्कर्ष काढून हात झटकले नाहीत. ते त्या समाजाकडे गेले आणि आकडे दाखवून म्हणाले, मुलांना तेल वाढवा, मासे आणि थोडं दूध द्या. ज्या घरांनी ऐकलं त्यांची मुलं सुधारली. पण सगळंच भरून आलं नाही. २००० मध्ये, ही मुलं किशोरवयात गेल्यावर त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या गेल्या. वयाच्या साधारण सहाव्या वर्षापासून ती दूध वगैरे घेत होती. तरी ज्यांचं बी-१२ कमी राहिलं होतं, ती नवीन कोडी सोडवण्याच्या चाचण्यांत मागे पडली. पहिल्या वर्षांचं कर्ज अजून फिटत होतं.

हिरव्या पावडरीची परीक्षा

तुम्ही म्हणाल, पण स्पिरुलिनात बी-१२ असतं ना? समुद्रशेवाळात असतं ना? डब्यावर तर लिहिलेलं असतं!

हाच प्रश्न डाखनेलींनी सोडवला. बी-१२ कमी असलेल्या थोड्या मुलांना त्यांनी नोरी आणि स्पिरुलिना दिलं. रक्ततपासणीत बी-१२ चा आकडा वाढला! पण रक्तपेशींकडे बघितलं तर त्या सुधारत नव्हत्या. कारण शेवाळात बरंचसं बी-१२ सारखं दिसणारं काहीतरी असतं. तपासणीचं यंत्र फसतं, शरीर फसत नाही. सर्व्हर 'ओके' म्हणतोय आणि पानावर डेटाच नाही, त्यातली गत. मासे दिल्यावर मात्र फरक पडला. हा अभ्यास १९९१ चा. तरीही 'स्पिरुलिनात सगळं असतं' हे वाक्य आजही तितक्याच आत्मविश्वासाने फॉरवर्ड होत असतं. असो.

आणि आपलं घर?

आता कुणी म्हणेल, हे सगळं गोऱ्या हौशी लोकांचं झालं, आपण तर दूध पितो. जरा थांबा.

१९६२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांचा एक निबंध आला. जाधव आणि सहकाऱ्यांचा. अंगावर पिणारी गरीब घरांतली बाळं. आधी छान हसणारी, मान धरलेली. मग हळूहळू ती निपचित होत गेली, शिकलेलं विसरत गेली, हातपाय थरथरायला लागले, त्वचा काळवंडली. आया शाकाहारी, दूध परवडत नव्हतं. त्यांच्या अंगावरच्या दुधातच बी-१२ नव्हतं. बाळांना अगदी थोडं बी-१२ दिलं आणि ती काही दिवसांत पुन्हा हसायला लागली. सोळा वर्षांनी, १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात काटेकोर व्हीगन आईच्या सहा महिन्यांच्या बाळाची जवळपास हीच गोष्ट 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये छापून आली. एक आई नाइलाजाने, दुसरी तत्त्वाने. बाळाच्या मज्जातंतूंना कारणाशी काही देणंघेणं नसतं.

आणि पुणे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. दोन-तृतीयांश आयांचं बी-१२ कमी निघालं. फोलेट मात्र बहुतेकींचं ठीक. (विल्सबाईंची ती जोडी आठवली ना?) २००८ मध्ये आलेले निष्कर्ष असे: ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिन नीट काम करत नसल्याच्या खुणा जास्त. आणि कमी बी-१२ असलेल्या आयांची मुलं नऊ वर्षांची झाली तेव्हा लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे उलटे म्हणण्याच्या चाचण्यांत मागे.

या बायका व्हीगन नव्हत्या. दूध निषिद्ध नव्हतं, फक्त पोटात फार जात नव्हतं. १०० मिली दुधात साधारण ०.४ ते ०.५ मायक्रोग्रॅम बी-१२. म्हणजे दिवसाची गरज भागवायला अर्धा लिटर. दोन कप चहात पडतं किती? तेव्हा 'आम्ही दूध घेतो' म्हणून व्हीगन मित्राकडे करुणेने बघण्याआधी आपलाही रिपोर्ट बघून घेतलेला बरा.

कोर्ट, मथळे आणि समित्या

२००४ मध्ये अटलांटात सहा आठवड्यांचं एक बाळ दगावलं. त्याला सोयादूध आणि सफरचंदाचा रस यावर ठेवलं होतं. २००७ मध्ये आई-वडिलांना शिक्षा झाली आणि न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख आला, व्हीगनपणाने घेतलेला बळी अशा मथळ्याचा. पण खटल्यात आहारतज्ज्ञांचं म्हणणं वेगळं होतं. बाळ उपाशी राहिलं होतं. दुकानातलं साधं सोयादूध हे बाळदूध नव्हेच. साधं गायीचं दूध आणि रस एवढ्यावरही सहा आठवड्यांचं बाळ नीट वाढलं नसतं.

२०१६ मध्ये इटलीत एल्व्हिरा साव्हिनो या खासदारबाईंनी मुलांवर व्हीगन आहार लादणाऱ्या पालकांना तुरुंगात टाकण्याचं विधेयक आणलं. ते काही कायदा झालं नाही. २०१९ मध्ये बेल्जियमच्या वैद्यक अकादमीने मुलांना आणि गरोदर बायकांना हा आहार नको असं मत दिलं. अमेरिकेतली आहारतज्ज्ञांची संस्था २०१६ पर्यंत 'नीट आखलेला असेल तर सर्व वयांत चालेल' म्हणत होती. २०२५ मध्ये त्यांनी नवं निवेदन काढलं, ते फक्त प्रौढांपुरतं.

संशोधनाचा कौलही मधलाच. २०१९ च्या जर्मन अभ्यासात एक ते तीन वर्षांची व्हीगन मुलं सरासरीने बाकीच्यांसारखीच वाढत होती. २०२१ च्या पोलिश अभ्यासात पाच ते दहा वर्षांची व्हीगन मुलं सुमारे तीन सेंटिमीटर बुटकी, हाडांत खनिजं थोडी कमी, पण वाईट कोलेस्टेरॉल बरंच कमी. आणि बी-१२ ची गत? ज्यांना वरून मिळत होतं त्यांची ठीक, ज्यांना नाही त्यांची वाईट. ऐंशी वर्षांनीही मुद्दा तोच.

मग करायचं काय?

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण या इतिहासातून निघणारी यादी अगदी छोटी आहे. व्हीगन घरात बाळ येणार असेल तर आईने बी-१२ आधीपासून, गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना रोज घ्यायचं. यात वाटाघाट नाही. पहिलं वर्ष आईचं दूध किंवा नियमानुसार बनवलेलं बाळदूध, घरचं सोया-बदाम दूध त्याच्या जागी नाही. वरचं खाणं सुरू झालं की घासात तेल, कूट असं काहीतरी दाट. बाळाला बी-१२ आणि डी चे थेंब, आयोडीनचा आणि लोहाचा हिशेब डॉक्टरांशी बसून. आणि वजन-उंचीचा आलेख, तोही न चुकता. डच बाळांच्या आया वाईट नव्हत्या, पण आलेख दुसऱ्या कुणीतरी काढेपर्यंत तो खाली चाललाय हे त्यांना दिसलं नाही. रोज बघितलेलं मूल आपल्याला नेहमी ठीकच दिसतं.

यातलं काहीही महाग नाही. दुकानातलं बी-१२ टाक्यांमध्ये जीवाणू वाढवूनच बनवतात. म्हणजे गायीच्या पोटात जे होतं तेच, फक्त गाय वगळून. खरं तर वॉटसनच्या मंडळींना हवं होतं ते हेच. त्यांना ते मिळायला चार वर्षं थांबावं लागलं. आजच्या आई-बापांना औषधाच्या दुकानापर्यंत चालत जावं लागतं.

व्हीगन असावं की नसावं, हे ज्याने त्याने ठरवावं. ती निवड मोठ्यांची. पण ताट वाढून घेणाऱ्या मुलाने ती केलेली नसते. म्हणून निदान त्याच्या सत्तर मिलिग्रॅमचा हिशेब चोख ठेवणं, एवढं तरी मोठ्यांनी त्याचं देणं लागतं.